पूर्ण भाराची चाचणी

मापसाहेबांनी त्या ढगाशी जे केलं, ते गेली बावीस वर्षं ते प्रत्येक काट्याशी करत आले होते. आणि आजवर एकाही काट्याने त्यांची तक्रार वर नेली नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सोसायटीत आणि कचेरीत जो तो आपापली हकिगत सांगत सुटला, आणि त्यातल्या एकीतही काट्याचा उल्लेख नव्हता.

मापसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले काटे तपासायचे, बरोबर निघाले तर शिशाचं सील ओवायचं आणि पकडीने त्यावर शिक्का दाबायचा, हे काम. सोसायटीत त्यांना मापसाहेब म्हणत; काहीजण आदराने, बाकीचे त्यांनी एकदा गच्चीवरच्या टाकीवर रंगवलेल्या 'एक हजार लिटर' या अक्षरांवर लेखी हरकत घेतली होती म्हणून. (टाकी नऊशे चौसष्ट लिटरची होती. पण ते जाऊ दे.)

तर कचेरीत परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य जपण्यासाठी प्रत्येकाने आपल्या फोनवर एक अॅप घ्यावं. घेणं पूर्णपणे ऐच्छिक. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी तसं का, हे दोन प्रतींत लिहून द्यावं. दुपारपर्यंत सगळ्या कचेरीची इच्छा झाली.

अॅप उघडलं की एक गुबगुबीत ढग हसायचा आणि रोज दहा प्रश्न विचारायचा. झोप किती बिघडली, मन किती जड आहे, वगैरे. उत्तरासाठी एक पट्टी. डावीकडे शून्य, उजवीकडे दहा, मध्ये बोटाने सरकवायचा ठिपका. पट्टीवर मधल्या खुणाच नव्हत्या. मापसाहेबांचं तिथेच बिनसलं. ज्या पट्टीला खुणा नाहीत ती पट्टी म्हणजे नुसती रेघ, असं त्यांनी शेजारच्या टेबलाला ऐकवलं. शेजारच्या टेबलाने सगळ्या प्रश्नांना शून्य सरकवून केव्हाच फोन खिशात घातला होता.

मापसाहेबांनी मात्र आधी अटी वाचल्या. एकसष्ट पानं. चार संध्याकाळी, पट्टी धरून, ओळीखाली ओळ. एकोणीस शंका निघाल्या, त्या त्यांनी क्रमांक घालून मदत विभागाकडे पाठवल्या. उत्तर एका मिनिटात आलं: 'तुमच्या भावना आम्हाला समजतात.' मग त्यांनी 'मान्य' दाबलं, कारण दाबल्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं. म्हणजे एकसष्ट पानं वाचणारा आणि एकही न वाचणारा, दोघे शेवटी एकाच बटणावर आले. हा निष्कर्षही त्यांनी वहीत लिहून ठेवला.

पुढच्या पानावर प्रश्न होता: 'संकटाच्या वेळी ताबडतोब फोन उचलेल अशा व्यक्तीचं नाव.' दुसऱ्या कुणीही डोळे मिटून बायकोचं नाव घातलं असतं. पण प्रश्नात प्रेमाबद्दल काही नव्हतं, फोन उचलण्याबद्दल होतं. बायको शाळेत गणित शिकवायची; शाळेत तिचा फोन शिक्षकखोलीच्या खणात आणि घरी सोफ्याच्या उशीखाली, दोन्हीकडे आवाज बंद. मापसाहेबांनी एक आठवडा मोजलं. अकरा फोनांपैकी पहिल्या वेळेला उचललेले, दोन. याउलट सोसायटीचे अध्यक्ष. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घंटा पुरी वाजू देणं त्यांना कामचुकारपणा वाटे. अकरापैकी अकरा. मापसाहेबांनी अध्यक्षांचं नाव घातलं आणि काम चोख झाल्याच्या समाधानात चहा मागितला.

आता मूळ मुद्दा. कुठलंही मोजण्याचं यंत्र वापरण्याआधी ते तपासायचं असतं. त्याची रीत ठरलेली आहे: आधी रिकामा, मग अर्धा भार, मग पूर्ण भार, प्रत्येक वेळी काटा स्थिर होऊ द्यायचा, आकडा वहीत घ्यायचा, शेवटी भार काढायचा आणि काटा शून्यावर परततो का ते पाहायचं. सोमवारी मापसाहेबांनी सगळी उत्तरं शून्य दिली. ढग हसला: 'वा! छान चाललंय!' मंगळवारी सगळी पाच. ढगाने खोल श्वास घ्यायला सांगितलं. बुधवारी सकाळी पावणेअकराला, एका लोखंडी सामानाच्या दुकानात खिळ्यांचा काटा तपासता तपासता, त्यांनी दहाही ठिपके उजव्या टोकाला नेले आणि 'पाठवा' दाबलं. गुरुवारपासून ते खरी उत्तरं देणार होते.

ढग करडा झाला. 'आम्ही तुमच्यासोबत आहोत,' असं म्हणाला आणि गप्प बसला. मापसाहेबांनी ठिपके पुन्हा डावीकडे आणायचा प्रयत्न केला, ठिपके हलेनात. वहीत त्यांनी लिहिलं: 'पूर्ण भार: प्रतिसाद आहे. शून्यावर परतत नाही. नापास.'

तेवढ्यात फोन वाजला.

"मापसाहेब, कुठे आहात?" अध्यक्ष.

"खिळ्यांच्या दुकानात."

पलीकडे मोठा श्वास. "जिथे आहात तिथेच थांबा. काहीही करू नका."

"काय करू नको?"

"काहीच करू नका! दुकानदाराला फोन द्या."

दुकानदाराने फोन कानाला लावला, "हो... हो... नाही, तसे शांत दिसतायत," असं म्हणाला आणि मापसाहेबांच्या हातातली वजनांची पेटी हळूच काढून घेतली. बावीस वर्षांत कुठल्या दुकानदाराने त्यांची पेटी प्रेमाने धरलेली नव्हती.

घरी पोचले तर जिन्यात निम्मी सोसायटी उभी. अध्यक्षांनी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला होता, त्याच्या वर ठळक अक्षरांत 'अत्यंत गोपनीय' असं लिहिलं होतं. तो अठ्ठेचाळीस घरांत गेला. गच्चीला नवं कुलूप. तळमजल्यावरच्या मावशींनी मापसाहेबांचा हात जो धरला तो सोडेचनात.

"अरे, तोंडावरून वाटत नाही हो कधी," मावशी म्हणाल्या. "माझ्या दिरालाही असंच झालं होतं. त्याला सकाळी अनवाणी चालायला लावलं. पाय खराब झाले, पण बाकी बरा आहे."

"मावशी, मला काही झालेलं नाही. मी यंत्र तपासत होतो."

"हो रे बाळा, हो," मावशी म्हणाल्या आणि मागे वळून डोळ्यांनी सगळ्यांना काय ते सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरच्याने टाकीच्या प्रकरणाबद्दल मनापासून माफी मागितली. "टाकी नऊशे चौसष्टचीच आहे, साहेब. आम्ही सगळे मानतो." सहा वर्षं ज्या वाक्यासाठी मापसाहेब झगडले, ते असं दयेपोटी मिळावं! ते खरोखर रडायच्या बेताला आले, पण त्या क्षणी रडणं चाचणीच्या दृष्टीने घातक ठरलं असतं.

बायको शाळेतून धावत आली. तिला बातमी शिपायाने वर्गात येऊन सांगितली होती, शिपायाला मुख्याध्यापिकेने, मुख्याध्यापिकेला मावशींनी. ती दारात उभी राहिली, नवऱ्याला नखशिखांत पाहून घेतलं, धडधाकट आहे याची खात्री केली. मग एकच प्रश्न विचारला.

"फोन अध्यक्षांना का गेला?"

मापसाहेबांनी वही उघडून तिला आकडे दाखवले. अकरापैकी दोन. अकरापैकी अकरा. जगात काही आकडे बरोबर असूनही दाखवायचे नसतात, हे त्यांना कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. बायको "बरं" म्हणाली. त्यानंतर घरात तिच्या तोंडून 'जेवायला वाढलंय' आणि 'दूध संपलंय' यापलीकडे वाक्य निघेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मॅडमनी बोलावलं. मॅडम त्यांच्या वरिष्ठ. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त नियमाच्या बाहेर पाऊल टाकलं की त्यांना चक्कर येते. टेबलावर एक छापील कागद होता.

"तुमचा अहवाल आलाय. कमाल जोखीम. शिक्का, पकड आणि पेटी जमा करा. डॉक्टरांचा दाखला येईपर्यंत तुम्ही काट्यांवर सही करू शकत नाही."

"पण मॅडम, अॅपच्या अटींत कलम सदतीसमध्ये आहे की कचेरीला फक्त निनावी माहिती जाईल."

"निनावीच आहे." मॅडमनी कागद पुढे केला. "कुठे आहे नाव? फक्त कर्मचारी क्रमांक आहे."

"मॅडम, ती चाचणी होती. रिकामा, अर्धा, पूर्ण."

मॅडमनी कागद उलटा केला आणि मागच्या सूचना मोठ्याने वाचल्या: "'संबंधित व्यक्ती आपण गंमत किंवा चाचणी करत होतो असं सांगण्याची शक्यता आहे. अशा वेळी अधिक लक्ष ठेवावं.'" वाचून त्यांनी अधिक लक्ष ठेवलं.

पकड टेबलावर ठेवताना मापसाहेबांचा हात रिकामा रिकामा झाला. बावीस वर्षांत तिने त्यांच्या तळव्यावर घट्टा पाडला होता. आता घट्टा होता आणि पकड नव्हती.

त्यांनी मदत विभाग गाठला. तिथेही ढगच.

'नोंद पुसून टाका,' त्यांनी लिहिलं.

'नोंद पुसावीशी वाटणं स्वाभाविक आहे,' ढगाने लिहिलं. 'ही भावना तुम्हाला शरीरात नेमकी कुठे जाणवते?'

'तुमच्या अटींच्या कलम बत्तीसमध्ये. नोंद पुसण्याचं कलम.'

दोन दिवस असं डोकं आपटल्यावर एक जिवंत माणूस फोनवर मिळाला. त्याने सांगितलं की नोंद सात वर्षं राहील. दुरुस्ती जोडता येईल, पण मूळ उत्तर तसंच राहील. दुरुस्तीसाठी सलग तीस दिवस खरी उत्तरं द्यावी लागतील. आणि संकटकालीन व्यक्ती बदलायची असेल तर सध्याच्या संकटकालीन व्यक्तीची संमती लागेल.

मापसाहेब खरी उत्तरं देऊ लागले. झोपेच्या पट्टीवर त्यांना ठिपका बराच उजवीकडे न्यावा लागला. खोटं लिहिणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्याचा परिणाम असा की अध्यक्षांना रोज सकाळी अहवाल मिळू लागला.

"काल साडेचार तासच?" अध्यक्ष जिन्यात गाठायचे. "परवा पाच होते. घसरण आहे, मापसाहेब."

"अध्यक्ष, तुम्ही एका कागदावर सही करा, म्हणजे तुमचा त्रास वाचेल."

"त्रास कसला! जबाबदारी आहे ती. अशी झटकता येत नाही." अध्यक्षांनी त्यासाठी वेगळी फाइल केली होती. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्याकडे रोज काहीतरी येत होतं.

बरं, कायद्याने काही होतं का, तेही मापसाहेबांनी पाहिलं. त्यांनी आपल्याच खात्याला रीतसर अर्ज केला: सदर यंत्र माणसाचं माप घेतं, त्या मापावरून माणसाचं काम काढून घेतलं जातं, तरी सदर यंत्रावर कुणाचाही शिक्का नाही, तपासणी व्हावी. मॅडमनी अर्ज परत केला. मनाचं माप आपल्या खात्यात येत नाही. आरोग्य खात्याच्या खिडकीवर सांगितलं, हे औषध नाही, उपकरण नाही, फोनमधलं अॅप आहे. अॅपवाल्या खात्याच्या खिडकीवर सांगितलं, आत काय लिहिलंय ते आम्ही बघत नाही, मनाचं असेल तर आरोग्य. कामगार खात्याच्या खिडकीवर बाईंनी फक्त परिपत्रक वाचलं आणि 'ऐच्छिक' या शब्दावर बोट ठेवलं. किलोभर खिळ्यांत पाच ग्रॅम कमी भरले तर दंड करायला तीन कलमं होती. माणूस आख्खाच्या आख्खा चुकीचा मोजला गेला तर त्याने जायचं कुठे, हे कुठल्याच खिडकीला ठाऊक नव्हतं.

उरला दाखला. डॉक्टरबाईंची वेळ मिळाली, सोबत सूचना: जवळची व्यक्ती आणावी. मापसाहेब बायकोला सांगावं कसं याचा विचार करत होते, तोवर अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत मारून दारात हजर. त्यांना थेट संदेश गेला होता. नोंदीप्रमाणे जवळची व्यक्ती तेच.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोघे शेजारी शेजारी बसले. अध्यक्ष फाइलमधून झोपेचा आलेख काढून सरळ करत होते, तोच दार ढकलून बायको आत आली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून; वेळ तिला मावशींकडून कळली होती. हातात फोन. ती समोरच्या खुर्चीवर बसली. फोन उघड्यावर, मांडीवर ठेवलेला, आणि पाच मिनिटांत कुणाचातरी संदेश येऊन तो इतक्या मोठ्याने वाजला की तिघेही दचकले. त्या फोनला आवाज आहे हे मापसाहेबांना पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टरबाईंनी दार उघडलं. "सोबत एकालाच येता येईल. कोण येतंय?"

अध्यक्ष उठले. बायको उठली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि मापसाहेबांना कळलं की ही खरी तपासणी आहे, आणि ती दाराच्या बाहेरच चालू झाली आहे.

"ही," मापसाहेब म्हणाले.

"अहो, पण नोंद माझ्या नावावर आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"नोंद बाहेर बसू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात एक मासिक दिलं.

आत मापसाहेबांनी सगळं क्रमवार सांगितलं. रिकामा, अर्धा, पूर्ण. डॉक्टरबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. गेल्या वीस दिवसांत या गोष्टीला हसणारं हे पहिलंच माणूस. मापसाहेबांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं.

"आणि भार काढल्यावर? शून्यावर परतला?"

"नाही. तिथेच नापास केला मी त्याला."

"ढगाचं नाही विचारत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं विचारतेय. ही झोपेची उत्तरं तर खरी आहेत ना?"

मापसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. "हे लिहून घेणार का?"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं, पेन खणात टाकलं आणि खण बंद केला.

मग मापसाहेब बोलले. सहा महिन्यांपूर्वी ते एका बाळांच्या दवाखान्यात गेले होते. तान्ह्या बाळांचा काटा. मध्यभागी वजन ठेवून तपासला, बरोबर निघाला. चार कोपऱ्यांवर ठेवून तपासायचं राहिलं. बाहेर आया खोळंबल्या होत्या, एक बाळ टाहो फोडत होतं. त्यांनी शिक्का मारला. संध्याकाळी घरी आल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कोपरे तपासले. काटा बरोबर होता.

"मग?"

"काटा बरोबर होता, पण मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी शिक्का मारला." त्यांनी टेबलावर बोटाने मध्य दाखवला, मग चार कोपरे. "बाळ कधी मध्यभागी राहत नाही हो. बाळ हलतं. आता पहाटे जाग येते. आणखी कुठे कुठे राहिलं असेल, ते मोजत बसतो. बावीस वर्षांत चाळीसेक हजार शिक्के आहेत."

 मग बायको म्हणाली, "म्हणजे पहाटे स्वयंपाकघरात बसून ती वजनं पुसत असायचात, ते यासाठी?"

"तू जागी असायचीस?"

"सहा महिने जागी आहे. मला वाटलं, माझ्यावर कशावरून तरी रुसलायत. विचारलं असतं तर तुम्ही वही काढली असती."

"काढली असती," मापसाहेबांनी कबूल केलं.

"माझं नाव घालायचं होतं, हो. फोन उचलला नसता मी कदाचित. पण आले असते."

मापसाहेबांनी 'अकरापैकी दोन' हा आकडा मनातल्या मनात खोडला.

डॉक्टरबाईंनी दाखला दिला तो दोन ओळींचा: 'यांना तपासलं. कामावर घेण्यास हरकत नाही. उपचार चालू आहेत, तपशील माझ्याकडे राहील.' मॅडमनी तो वाचला, मागे काही लिहिलंय का म्हणून उलटून पाहिला, कोरी बाजू बराच वेळ न्याहाळली आणि शेवटी कपाटातून पेटी, शिक्का आणि पकड काढून दिली. मापसाहेबांनी नोंदवहीत सही करून ती घेतली. अॅप मात्र त्यांनी तिथेच, मॅडमच्या समोर, फोनवरून काढून टाकलं. इच्छा का नाही, ते दोन प्रतींत लिहून आणलं होतं, एकूण चौदा पानं. मॅडमनी पोच दिली. कमाल जोखमीची नोंद कुठल्याशा दूरच्या यंत्रात सात वर्षं बसणार ती बसणारच. अध्यक्षांना दोन दिवस अहवाल मिळाला नाही तेव्हा ते कासावीस होऊन दार वाजवू लागले, म्हणून आता रविवारी सकाळी मापसाहेब त्यांच्याकडे जाऊन पाच मिनिटं बसतात आणि झोपेबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. टेलिफोन खात्याबद्दल ऐकून घेतात.

कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी ते बाळांच्या दवाखान्यात गेले. गरज नव्हती, सीलला अजून सहा महिने बाकी होते. तरी त्यांनी काटा पुसला, पाणसळ लावून तो सपाट बसलाय ना ते पाहिलं, वजन मध्यभागी ठेवलं. मग पहिला कोपरा. दुसरा. तिसरा. चौथा. चारही बरोबर. वजन काढलं, काटा शून्यावर आला, एकदा थरथरला, थांबला. मापसाहेबांनी तेच वजन पुन्हा उचललं, पहिल्या कोपऱ्यावर न्यायला, आणि खाली ठेवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि फोन लावला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला. मागे चाळीस मुलांचा गलबला.

"काय झालं?" बायको.

"काही नाही. बघत होतो, उचलतेस का."

"अहो, वर्ग चालू आहे! आठ दिवस मी फोन हातात धरून अपूर्णांक शिकवतेय. मुलं हसतात मला."  मग आवाज खाली आणून म्हणाली, "चाचणी आहे, की खरं आहे?"

मापसाहेबांनी काट्याकडे पाहिलं. दारातून एक आई बाळ घेऊन आत येत होती.

"खरं आहे."

"किती?"

खुणा नसलेल्या पट्टीवर त्यांनी मनातल्या मनात ठिपका सरकवला, जरा मागे आणला, स्थिर होऊ दिला.

"सव्वाचार," ते म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली. "शाळा सुटली की येते. तिथेच बसा." आणि फोन चालूच ठेवून तिने मुलांना दरडावलं, "गप्प बसा रे! सव्वाचार म्हणजे किती चतुर्थांश, कोण सांगतंय?"